विल्यम सॉन्डर्सचं खातं

दरवर्षी जून महिना आला की एक बातमी ठरलेली असते. 'स्विस बँकांत भारतीयांचा पैसा वाढला', नाहीतर 'घटला'. स्वित्झर्लंडची मध्यवर्ती बँक आपले वार्षिक आकडे जाहीर करते, त्यातून ही बातमी निघते. २०२१ अखेरचा आकडा ३८३ कोटी फ्रँकचा होता, म्हणजे आपल्या पैशात ३० हजार कोटींच्या वर. मग प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो आकडा फिरतो, कुणीतरी पंधरा लाखांची आठवण काढतो, दुसरा चिडतो आणि संध्याकाळपर्यंत ॲडमिन ग्रुप बंद करतो.

खरं सांगायचं तर त्या आकड्यावरून काळा पैसा किती हे कळतच नाही. त्यात कंपन्यांचे सरळ व्यवहार येतात, बँकांचे बँकांशी असलेले व्यवहार येतात, तिकडे नोकरीला असलेल्यांचे पगारही येतात. आणि ज्याला खरोखर लपवायचं आहे तो 'भारतीय' म्हणून त्या यादीत सापडतच नाही. त्याचं खातं पनामातल्या कंपनीच्या नावावर असतं, ती कंपनी एखाद्या फाउंडेशनची असते आणि फाउंडेशनच्या कागदावर सही असते तिथल्या वकिलाची.

मग असा पैसा कधी सापडतो का? सापडला तर परत येतो का? येतो. पण कसा आणि किती वर्षांनी, हे बघायचं असेल तर फिलिपिन्सचं प्रकरण मुळापासून बघायला हवं. त्यात कोर्टाचे कागद आहेत, बँकेचे कागद आहेत आणि शेवटी पगाराचा साधा हिशेब आहे. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी त्या गुप्ततेबद्दल. आपल्याकडे सर्वसाधारण समज असा की स्विस बँक म्हणजे डोंगराच्या पोटातली तिजोरी. तिजोरी असेलही, पण खरी तिजोरी म्हणजे एक कायदा. ८ नोव्हेंबर १९३४ ला स्वित्झर्लंडने बँकांचा कायदा मंजूर केला, त्याचं ४७ वं कलम. बँकेचा नोकर, संचालक, हिशेब तपासनीस, कुणीही खातेदाराची माहिती बाहेर दिली तर तो फौजदारी गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २० हजार फ्रँकपर्यंत दंड. गुप्तता त्याआधीही होती, पण ती बँक आणि गिऱ्हाईक यांच्यातली बाब होती. गिऱ्हाईकाने भरपाईचा दावा लावायचा, एवढंच. १९३४ नंतर तक्रार करायला गिऱ्हाईकाचीही गरज उरली नाही, सरकारच खटला भरणार. म्हणजे चोरी करून पैसा आणणारा बाजूला राहिला आणि 'हा पैसा चोरीचा दिसतो' असं बाहेर सांगणारा कारकून आरोपी झाला.

हा कायदा का झाला, याचीही एक गोष्ट सांगितली जाते. हिटलरच्या हेरांपासून ज्यूंचा पैसा वाचवायला म्हणून केला, अशी. बँकांनी ही गोष्ट अनेक वर्षं अभिमानाने सांगितली. इतिहासकारांनी कागद तपासले तेव्हा निघालं वेगळंच. ऑक्टोबर १९३२ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी बाझलर हान्डेल्सबँक या स्विस बँकेच्या माणसांवर धाड घातली. ही मंडळी श्रीमंत फ्रेंच गिऱ्हाइकांना कर चुकवायला मदत करत होती आणि त्यांच्याकडे गिऱ्हाइकांची यादी सापडली. पंधरा दिवसांत फाबियें आल्बर्तें नावाच्या समाजवादी खासदाराने फ्रेंच संसदेत त्यातली नावं घेतली. सिनेटर, माजी मंत्री, लष्करातले बडे अधिकारी, उद्योगपती, आणि बिशपसुद्धा! फ्रान्समध्ये गदारोळ झाला, स्वित्झर्लंडमध्ये बँकांना धडकी भरली. त्यातच १९३१ पासूनच्या मंदीत काही बँका बुडाल्यामुळे बँक कायदा करायचा होताच, त्यात हे कलम बसलं. ज्यू खातेदारांच्या वारसांचं पुढे काय झालं ते तर जगाला माहीत आहे. मृत्यूचा दाखला आणा, असं छळछावणीत मेलेल्यांच्या मुलांना सांगितलं गेलं, आणि १९९८ मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात स्विस बँकांना १२५ कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली.

आता फिलिपिन्स. फर्डिनांड मार्कोस १९६५ ची निवडणूक जिंकून अध्यक्ष झाला. माणूस हुशार, वकिलीच्या परीक्षेत देशात पहिला आलेला. बायको इमेल्डा, देखणी, गाणारी, सभा जिंकणारी. अध्यक्ष होऊन सव्वादोन वर्षं झाली होती तेव्हा, मार्च १९६८ मध्ये, झुरिचच्या क्रेडिट स्विस बँकेत दोन नावांनी खाती उघडली गेली. विल्यम सॉन्डर्स आणि जेन रायन. चार खाती, मिळून साडेनऊ लाख डॉलर.

सॉन्डर्स म्हणजे फर्डिनांड, रायन म्हणजे इमेल्डा.

कागद भरताना झालं असं की, सहीचा नमुना म्हणून एकाच कागदावर खोटं नाव आणि खरी सही दोन्ही आल्या. बँकेला तर माहीत हवं ना की सॉन्डर्स नेमका कोण! आणि त्या कागदांच्या प्रती मार्कोसने स्वतःजवळ राजवाड्यात ठेवल्या. का ठेवल्या? माझ्या मते कारण साधं आहे. ज्याने पैसा खोट्या नावाने ठेवला त्यालाही उद्या तो आपला आहे हे सिद्ध करता यायला हवं. बेनामी जमीन करणाऱ्याला विचारा. सातबारा दुसऱ्याच्या नावावर, पण कपाटात साठेखत आणि कोऱ्या स्टँपवर सही घेतलेली. भरवसा कुणावरच नसतो.

दोन वर्षांनी नाटक आणखी एक पायरी पुढे गेलं. ३ मार्च १९७० ला शेजारच्या लिश्टेनस्टाईन नावाच्या चिमुकल्या देशात, व्हाडुझ गावात, 'झँडी फाउंडेशन' स्थापन झालं. या देशातलं फाउंडेशन म्हणजे धर्मादाय संस्था असेलच असं नाही. वकील संचालक असतो, लाभार्थी कोण हे खासगी कागदात लिहिलेलं असतं आणि तो कागद कुठल्याही सरकारी दप्तरात जात नाही. आता बँकेतलं खातं झालं फाउंडेशनचं. पुढे झँडीचं नाव बदलून विनट्रॉप केलं, मग ॲव्हर्टिना. अशी एकापाठोपाठ एक किती नावं! आझिओ, व्हर्सो, व्हिबुर, चॅरिस, स्कोलारी, व्हलामो, स्पिनुस, त्रिनिदाद, रेबी, पाल्मी, रोझालिस, अग्वामिना, मालेर. एक फाउंडेशन मोडायचं, त्यातला पैसा नव्यात टाकायचा, आणि मागचा माग पुसायचा. शेवटी न्यायालयाने त्यांचे पाच गट केले तेव्हा कुठे हिशेब लागला.

पैसा आला कुठून? १९७२ च्या सप्टेंबरमध्ये मार्कोसने लष्करी कायदा पुकारला. संसद बंद, वर्तमानपत्रं बंद, विरोधक आत. मग विचारणारं कोण? बातानला अणुवीज प्रकल्प झाला, २०० कोटी डॉलरच्या वर खर्च, आणि त्यातून व्यापारी विजेचं एक युनिटही कधी निघालं नाही. त्या ठेक्यात मार्कोसच्या जवळच्या एका उद्योजकाने घेतलेल्या कमिशनचं प्रकरण पुढे कितीतरी वर्षं कोर्टात चाललं. नारळ उत्पादकांकडून विक्रीमागे लेव्ही कापली जायची, शेतकऱ्यांच्या भल्यासाठी म्हणून. त्या पैशातून बँक विकत घेतली गेली, मोठ्या कंपनीचे शेअर घेतले गेले, आणि सूत्रं अध्यक्षांच्या मित्राकडे. शेवटी २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यातला शेअरचा मोठा गठ्ठा सरकारचा, नारळ शेतकऱ्यांसाठीचा. ऊस बिलातली कपात बघत मोठे झालेल्या आपल्या वाचकांना यातलं मर्म वेगळं समजावून सांगायला नको.

देशावरचं कर्ज पंचवीस अब्ज डॉलरच्या वर गेलं. एकूण लूट किती, याचे अंदाज पाच ते दहा अब्ज डॉलरचे आहेत. अंदाजच तो. गुप्ततेचा अर्थच हा की चोरलेल्याची बेरीज कधी पूर्ण होत नाही.

ऑगस्ट १९८३ मध्ये विरोधी नेता निनॉय अकिनो परदेशातून परतला आणि मनिलाच्या विमानतळावरच त्याला गोळी घातली गेली. तिथून मार्कोसची घसरण सुरू झाली. फेब्रुवारी १९८६ मध्ये निवडणुकीत घोळ घातला, लाखो लोक एडसा नावाच्या रस्त्यावर उतरले आणि २५ फेब्रुवारीला कुटुंब अमेरिकी विमानाने पळालं. हवाईला उतरल्यावर कस्टमने सामानाची यादी केली. कोऱ्या करकरीत नोटांच्या पेट्या, दागिने, ठेवींची कागदपत्रं. घाईत जे मागे राहिलं त्यात इमेल्डाचे हजारो बूट होते. जगभरच्या वर्तमानपत्रांनी बूटच छापले. आजही मार्कोस म्हटलं की लोकांना बूटच आठवतात. पण महत्त्वाचं जे मागे राहिलं ते कागद. मलाकान्यांग राजवाड्यात विल्यम सॉन्डर्स आणि जेन रायनच्या सह्यांचे ते कागद सापडले.

नव्या अध्यक्षा कोराझॉन अकिनो, निनॉयची विधवा. सत्तेवर आल्यावर तीनच दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, त्यांनी आपल्या कारकिर्दीतला पहिला आदेश काढला, तो लुटीचा पैसा शोधणारा आयोग नेमण्याचा. अध्यक्ष होविटो सालोंगा. हे सालोंगा १९७१ मध्ये विरोधी पक्षाच्या सभेत झालेल्या बॉम्बस्फोटात मरता मरता वाचले होते, एक डोळा आणि एक कान गेला होता. पुढे लष्करी कायद्यात अटकही झाली. असा माणूस कागद वाचायला बसला.

तिकडे २४ मार्च १९८६ ला झुरिचमध्ये मार्कोसचं मुखत्यारपत्र घेऊन एक फिलिपिनो बँकर क्रेडिट स्विसमध्ये हजर झाला. पैसे काढायचेत म्हणाला. बँकेने त्याला थांबवून ठेवलं आणि वर कळवलं. त्याच दिवशी स्विस सरकारने, म्हणजे सात मंत्र्यांच्या त्यांच्या मंत्रिमंडळाने, मार्कोस कुटुंबाची सगळी खाती गोठवली. कुणा परदेशी सरकारचा रीतसर अर्ज अजून पोचलेला नव्हता, कोर्टाचा आदेश नव्हता, परराष्ट्र धोरणाच्या अधिकारात थेट निर्णय. स्वित्झर्लंडने असं याआधी कधी केलं नव्हतं. एक दिवस उशीर झाला असता तर बहुधा ही पोस्ट लिहायची वेळ आली नसती.

इथे बऱ्याच जणांना वाटेल की झालं, पैसा सापडला, गोठवला, आता परत. छे! सापडलेल्या ठेवी होत्या ३५ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपास. त्या परत यायला लागली अठरा वर्षं.

मार्कोसच्या वकिलांनी स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक कँटनमध्ये, प्रत्येक पायरीवर अपिलं केली. कागद द्यायला हरकत, कागदाच्या प्रतींना हरकत. डिसेंबर १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कागद द्यायला मान्यता दिली, पैसाही तत्त्वतः परत जावा म्हटलं, पण एक अट घातली. फिलिपिन्सच्या न्यायालयाने, रीतसर खटला चालवून, हा पैसा चोरीचा आहे असा अंतिम निकाल द्यावा. चेंडू परत मनिलात. मार्कोस तर १९८९ मध्येच हवाईत वारला होता. मेलेल्या माणसावर फौजदारी खटला कसा चालवणार? डिसेंबर १९९७ मध्ये स्विस न्यायालयाने पैसा निदान मनिलाच्या बँकेत राखीव खात्यात हलवायला परवानगी दिली. निकालाची अट कायम राहिली.

आणि इथे कामाला आला १९५५ चा एक जुना फिलिपिनी कायदा, क्रमांक १३७९. त्याचं म्हणणं एवढंच की सरकारी माणसाची मालमत्ता त्याच्या पगाराच्या आणि कायदेशीर उत्पन्नाच्या मानाने उघडउघड जास्त असेल, तर ती बेकायदा मिळवली असं धरायचं. ती कशी आली हे त्याने दाखवायचं. नाही दाखवता आलं तर जप्त. आपल्याकडे १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातही ज्ञात उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेची कल्पना आहे, आपण बातमीत 'अपसंपदा' लिहितो तीच. फरक असा की त्या १९५५ च्या कायद्यात आधी माणसाला तुरुंगवासाची शिक्षा व्हायला पाहिजे अशी अट नाही. हिशेब जुळत नाही, एवढं पुरतं.

मी गेली वीसेक वर्षं तालुक्याच्या गावातून बातम्या देतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्याच्या बातम्या किती दिल्या ते मोजलंही नाही. पाच हजार घेताना रंगेहाथ, दहा हजार घेताना रंगेहाथ. पण अपसंपदेचा खटला शेवटपर्यंत जाऊन मालमत्ता जप्त झाल्याची बातमी आठवायला बसलो तर हाताची बोटं जास्त होतात. म्हणून मला मनिलाचा तो निकाल वाचताना वेगळीच गंमत वाटली.

१५ जुलै २००३ चा तो निकाल. न्यायाधीशांनी काय केलं असेल? पगार मोजला. १९६६ पासून १९८६ पर्यंत अध्यक्ष म्हणून फर्डिनांडचा पगार आणि मंत्री म्हणून इमेल्डाचा पगार, दोन्ही मिळून डॉलरमध्ये किती? ३ लाख ४ हजार ३७२ डॉलर. आणि समोर स्विस ठेवी किती? व्याजासह ६५ कोटी ८१ लाख डॉलर. वीस वर्षं नवराबायकोने एक पैसाही खर्च केला नाही, हवा खाऊन राहिले असं धरलं तरी दोन हजार पटीहून जास्त फरक.

मार्कोसने आयकर विवरणपत्रात आपलं उत्पन्न जास्त दाखवलं होतं, हेही कोर्टाने पाहिलं. त्यात मोठा हिस्सा 'वकिलीची येणी'. म्हणजे अध्यक्ष होण्याआधी केलेल्या वकिलीची फी पक्षकार वीस वर्षं देतच होते म्हणे! पक्षकार कोण, ते नाव नाही. कर कापल्याचा दाखला नाही. आपल्याकडे शेतीचं उत्पन्न दाखवतात तसाच हा प्रकार. तिथे शेतीऐवजी वकिली.

आणि कुटुंबाचं उत्तर काय होतं? पैसा कायदेशीर मार्गानेच मिळवला, पण कसा ते नेमकं आठवत नाही, फार जुनी गोष्ट झाली. कोर्टाने हे उत्तर खोटं नकार म्हणून फेटाळलं. वर आणखी एक गोष्ट त्यांच्या अंगलट आली. डिसेंबर १९९३ मध्ये मार्कोस कुटुंबाने सरकारशी एक तडजोड केली होती, ७५ टक्के सरकारला, २५ टक्के आम्हाला. ती तडजोड पुढे रद्द ठरली. पण २००३ मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं की यांनी वाटणी मागितली याचा अर्थ पैसा आपला आहे हे कबूल केलं. वाटा मागताना नाव सांगावं लागतं. सॉन्डर्स इथे संपला.

२००४ च्या सुरुवातीला पैसा सरकारी तिजोरीत जमा झाला.

आता याच्या शेजारी दुसरं प्रकरण ठेवून बघा. आफ्रिकेतल्या काँगोचा, तेव्हाच्या झाईरचा, हुकूमशहा मोबुटू. बत्तीस वर्षं सत्ता, लुटीचे अंदाज अब्जावधी डॉलरचे. १९९७ मध्ये तो पळाला, त्याच वर्षी मोरोक्कोत मेला. स्वित्झर्लंडने त्याचीही खाती गोठवली. सापडले फक्त ७७ लाख फ्रँक. बारा वर्षं ते गोठवलेले राहिले. स्विस सरकारने मुदत वाढवून वाढवून दिली, पण काँगोकडून कोर्टात टिकेल अशी कारवाई झाली नाही. मोबुटूचा मुलगा तोवर तिथल्या सरकारात मंत्री होता, बाकी तुम्ही समजून घ्या. जुलै २००९ मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने पुढे काही करता येत नाही म्हटलं आणि ते ७७ लाख फ्रँक परत गेले. मोबुटूच्या वारसांना!

बँक देश तोच, कायदा तोच. मनिलात राजवाड्यातले कागद जपणारं, पगाराची बेरीज करणारं, अठरा वर्षं मागे लागणारं कुणीतरी होतं. किन्शासात नव्हतं. स्विस बँकेला शिव्या देणं सोपं आहे आणि द्याव्यातच, पण किल्ली निम्मी तिकडे असते आणि निम्मी इकडे.

पुढे या लाजेपोटी स्वित्झर्लंडने कायदे बदलले. हुकूमशहांचा पैसा परत करण्याचा कायदा २०११ मध्ये आला, २०१६ मध्ये तो आणखी बळकट झाला. पण करचुकव्यांच्या बाबतीत मात्र लाज वगैरे काही नव्हती, तिथे अमेरिकेचा दणका लागला. यूबीएस बँकेचाच एक माणूस फुटला, २००९ मध्ये बँकेला ७८ कोटी डॉलर भरावे लागले आणि हजारो अमेरिकी खातेदारांची नावं द्यावी लागली. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी तिथले अर्थमंत्री संसदेत ठणकावत होते की आमच्या गुप्ततेला चावायला जाल तर दात पडतील. दात कुणाचे पडले ते दिसलंच. तिथल्या जनतेलाही एकदा विचारून झालं होतं. मे १९८४ मध्ये सार्वमत घेतलं तेव्हा ७३ टक्के लोकांनी गुप्तता ढिली करायला नकार दिला. बाहेरच्या चोरीचा पैसा गावात आला की गावाला तो चोरीचा वाटत नाही, हे काही फक्त स्वित्झर्लंडपुरतं नाही.

भारताला खात्यांची माहिती आपोआप मिळायला सप्टेंबर २०१९ पासून सुरुवात झाली. त्याआधी २०११ मध्ये फ्रान्सकडून जिनिव्हाच्या एचएसबीसी बँकेच्या खातेदारांची यादी मिळाली होती, २०१४ मध्ये ६२७ नावं बंद लिफाफ्यात सर्वोच्च न्यायालयात गेली. काळ्या पैशावरचं विशेष तपास पथकही त्याच वर्षी नेमलं गेलं. माहिती येते, हे खरं. पण ती सरकारकडे येते, गुप्ततेच्या अटीवर. तुम्हाला मला ती दिसत नाही, आणि खातं कंपनीमागे असेल तर कदाचित सरकारलाही नाही.

आणि ४७ वं कलम गेलं असं समजू नका. ते आहे. शिक्षा आता सहा महिने नाही, तीन वर्षांपर्यंत. २०१५ पासून तर बँकेबाहेरच्या माणसाने ती माहिती पुढे दिली तरी तो अडकतो, म्हणजे पत्रकारसुद्धा. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्रेडिट स्विसमधल्या १८ हजारांहून जास्त खात्यांची माहिती फुटली, जगभरच्या कितीतरी वर्तमानपत्रांनी मिळून ती छापली. त्यात हुकूमशहांचे नातेवाईक होते, गुप्तहेर खात्याचे प्रमुख होते, शिक्षा झालेले गुन्हेगारही होते. स्वित्झर्लंडमधलं एकही वर्तमानपत्र त्या कामात नव्हतं. बातमी त्यांच्याच गावातली, आणि छापली तर जेल. आपल्याकडे एखाद्या पतसंस्थेची बातमी दिली की अब्रुनुकसानीची नोटीस येते, तरी आपण रडतो.

त्याच्या पुढच्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, क्रेडिट स्विस बँकच संपली. घबराटीत ठेवीदार पैसे काढून नेऊ लागले आणि यूबीएसने तिला ३०० कोटी फ्रँकमध्ये घेतलं. सॉन्डर्सचं खातं उघडलं त्याला त्या महिन्यात ५५ वर्षं झाली होती.

पैसा परत आला, त्याचं काय केलं? बराचसा जमीन सुधारणेच्या खात्यात गेला, तिथे नियमच तसा होता. पण २०१३ मध्ये एक वेगळा कायदा झाला. लष्करी कायद्याच्या काळात ज्यांना छळलं, मारलं, गायब केलं त्यांच्यासाठी त्या स्विस पैशातले १ हजार कोटी पेसो राखून ठेवले. अर्ज आले ७५ हजारांच्या वर, मंजूर झाले ११ हजार १०३. छळाच्या प्रकारानुसार गुण ठरले, एक ते दहा. मारले गेलेल्या आणि अजूनही बेपत्ता असलेल्यांना दहा. एका गुणाला सुमारे १ लाख ७६ हजार पेसो. मुलाच्या बेपत्ता होण्याचे दहा गुण घ्यायला जी आई रांगेत उभी राहिली असेल तिला त्या चेकवर काय दिसलं असेल, मला लिहिता येत नाही. पण चोराचा पैसा ज्याचं घर फोडलं त्याच्याच हातात जाणं ही जगात फार क्वचित घडलेली गोष्ट आहे, एवढं नक्की.

नोव्हेंबर २०१८ मध्ये इमेल्डाबाईंना त्या फाउंडेशनांच्या प्रकरणात दोषी ठरवलं गेलं. सात गुन्हे, प्रत्येकी किमान सहा वर्षं एक महिना. त्या तेव्हा ८९ वर्षांच्या होत्या. जामीन मिळाला, अपील दाखल झालं, तुरुंगात त्या गेल्या नाहीत. मे २०२२ मध्ये त्यांचा मुलगा फर्डिनांड मार्कोस ज्युनियर ३ कोटी १० लाखांहून जास्त मतं घेऊन देशाचा अध्यक्ष झाला. प्रचारात बापाच्या काळाला सुवर्णकाळ म्हणणारे व्हिडिओ मोबाइलवर धो धो चालले. ते बघणाऱ्यांतल्या अर्ध्याअधिक पोरांचा जन्म १९८६ नंतरचा.

सालोंगांनी सुरू केलेला तो आयोग अजून बंद झालेला नाही. मार्कोस कुटुंबाची संपत्ती शोधणं हेच त्याचं मुख्य काम. ज्युनियर सत्तेवर आल्यापासून तो त्यांच्याच सरकारच्या न्याय खात्याखाली काम करतो.